लायब्ररीच्या ॲपवरून ई-बुक आणि ऑडिओबुक घेताना

लायब्ररीचे ॲप मोबाइलवर घेतलेल्या अनेकांचा पहिला अनुभव सारखाच असतो. मोठ्या उत्साहाने हवे ते पुस्तक शोधावे, तर त्याच्यापुढे ‘सुमारे १४ आठवडे’ असे लिहिलेले दिसते आणि ते ॲप त्यानंतर कित्येक महिने उघडले जात नाही. दोष ॲपचा नसतो आणि लायब्ररीचाही नसतो. दुकानातून विकत घ्यावे तसे, ‘आज हवे म्हणून आज’ पुस्तक मागण्याची सवय येथे उपयोगाची नाही. या ॲपमध्ये रांग सांभाळता आली की बाकीच्या गोष्टी आपोआप सोप्या होतात.

मुळात डिजिटल पुस्तकाला रांग का असावी, हे आधी समजून घेतलेले बरे. लायब्ररी ई-बुकची फाइल विकत घेत नाही, ती उसनी देण्याचा परवाना घेते, आणि बहुतेक परवाने ‘एका वेळी एकच वाचक’ या तत्त्वावर असतात. म्हणजे लायब्ररीकडे एखाद्या पुस्तकाचे ५ परवाने असतील, तर एका वेळी पाचच जण ते वाचू शकतात आणि सहाव्याला थांबावे लागते. शिवाय हे परवाने कायमचे नसतात. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये एका परवान्यावर २६ वेळाच पुस्तक उसने देता येईल अशी अट घातली, तेव्हा ग्रंथपालांनी मोठा विरोध केला होता. अनेक प्रकाशकांचे परवाने ठरावीक काळानंतर संपतात आणि पुस्तक संग्रहात ठेवायचे असेल तर लायब्ररीला पुन्हा पैसे मोजावे लागतात. मागच्या वर्षी दिसलेले पुस्तक यंदा अचानक नाहीसे होते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. आपली लायब्ररी कोणत्या सेवेशी जोडलेली आहे, हे प्रथम तिच्या संकेतस्थळावर पाहावे. ओव्हरड्राइव्ह कंपनीचे लिबी, तसेच हूपला, क्लाउडलायब्ररी, बॉरोबॉक्स अशी वेगवेगळी ॲप आहेत आणि काही लायब्रऱ्या एकाच वेळी दोन-तीन सेवा देतात. त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. लिबीमध्ये बहुतांश पुस्तकांना रांग असते. हूपलामध्ये बरीच पुस्तके तत्काळ मिळतात, परंतु महिन्याला किती घेता येतील याची मर्यादा लायब्ररी ठरवते. त्यामुळे एकीकडे रांगेत उभे राहण्यापूर्वी तेच पुस्तक दुसरीकडे लगेच मिळते का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. या एका सवयीने माझे जितके आठवडे वाचले, तितके अन्य कोणत्याही युक्तीने वाचलेले नाहीत.

आपल्याला नियमानुसार एकापेक्षा अधिक लायब्रऱ्यांचे सभासद होता येत असेल, तर ती सर्व कार्डे एकाच ॲपमध्ये जोडावीत. लिबीमध्ये हे सहज करता येते. एका लायब्ररीत तीन महिन्यांची रांग असलेले पुस्तक दुसरीकडे मोकळे पडलेले असणे अजिबात दुर्मीळ नाही. मात्र कार्ड स्वतःचे असावे आणि चालू असावे. कार्डाची मुदत संपली की उसनवारी अडते, म्हणून नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी.

यानंतरचा भाग रांगेचा, आणि खरी मेख तेथेच आहे. रांगेत किती जण आहेत एवढाच आकडा पाहून अनेक जण माघार घेतात, परंतु तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. रांगेतल्या माणसांना प्रतींच्या, म्हणजे लायब्ररीकडच्या परवान्यांच्या, संख्येने भागावे आणि आलेल्या उत्तराला उसनवारीच्या दिवसांनी गुणावे. समजा, एका पुस्तकासाठी १२ जण थांबले आहेत, प्रती ६ आहेत आणि मुदत २१ दिवसांची आहे. प्रत्येक प्रतीमागे २ जण आले, म्हणजे फार तर ६ आठवडे. दुसऱ्या पुस्तकासाठी तीनच जण आहेत, पण प्रतही एकच आहे. तेथे ९ आठवडे लागू शकतात. छोटी दिसणारी रांग अशी लांब निघते. हा अंदाज सर्वांनी पूर्ण मुदत वापरली असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात बरेच जण पुस्तक लवकर परत करतात, त्यामुळे क्रमांक बहुधा अपेक्षेपेक्षा आधीच लागतो.

होल्ड, म्हणजे पुस्तकाच्या रांगेत आपले नाव, ठेवताना कंजूषी करू नये. अनुमती असेल तितके होल्ड लावून ठेवावेत, कारण रांगेत उभे राहण्यास काहीही खर्च येत नाही आणि एखाद्या पुस्तकाला किती मागणी आहे हे पाहून लायब्ररी पुष्कळदा त्याचे आणखी परवाने घेते. नवे पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वीच यादीत दिसू लागले असेल, तर त्याच दिवशी नाव नोंदवावे. संग्रहात नसलेल्या पुस्तकासाठी लिबीमध्ये ‘मला कळवा’ अशा अर्थाचा टॅग लावता येतो. त्यातून आपले स्वारस्य लायब्ररीपर्यंत पोहोचते आणि पुस्तक आल्यास सूचनाही मिळते.

उदार हाताने होल्ड लावण्याचा एक तोटा मात्र ठरलेला आहे. सहा-सात पुस्तके वेगवेगळ्या वेळी मागवावीत आणि त्यांतली चार नेमकी एकाच आठवड्यात हजर व्हावीत, हा प्रसंग माझ्यावर अनेकदा आला आहे. पूर्वी मी ती चारही घेत असे आणि दोन न वाचताच परत जात. त्यावरचा उपाय ॲपमध्येच आहे. क्रमांक लागल्यावर लिबी निर्णयासाठी तीन दिवस देते आणि त्या वेळी पुस्तक नंतर मिळावे असे सांगता येते. असे केल्याने आपला क्रमांक जात नाही. हातातली प्रत रांगेत आपल्यामागे असलेल्या वाचकाकडे जाते आणि आपण निवडलेला काळ संपल्यावर पुढची मोकळी होणारी प्रत आपल्याला मिळते. एखादा महिना वाचनास वेळ मिळणार नाही हे आधीच ठाऊक असेल, तर होल्ड तेव्हाच पुढे ढकलून ठेवावेत.

रांगेतली पुस्तके येईपर्यंत वाचायचे काय, तर शोध घेताना ‘आत्ता उपलब्ध’ हा फिल्टर लावावा. गाजणाऱ्या नव्या पुस्तकांपुरती गर्दी असते; त्याच लेखकाची जुनी पुस्तके पुष्कळदा मोकळी असतात. मासिकांना तर सहसा रांगच नसते.

उसनवारीची मुदत बऱ्याच ठिकाणी ७, १४ किंवा २१ दिवस अशी निवडता येते. ॲपने ठरवलेला आकडा तसाच न ठेवता तो सेटिंग्जमध्ये पाहावा. मी सर्वांत मोठी मुदत घेतो आणि वाचून झाले की त्याच दिवशी पुस्तक परत करतो. मुदत संपल्यावर ते आपोआप परत जातेच आणि विलंबशुल्कही लागत नाही, परंतु वाचून झालेले पुस्तक दहा दिवस अडवून ठेवणे म्हणजे रांगेतल्या पुढच्या माणसाचे दहा दिवस खर्च करणे होय. पुस्तक अर्धवट राहिले तर मुदत संपण्यापूर्वीच्या तीन दिवसांत वाढ मिळते का ते पाहावे. कोणी थांबलेले असेल तर वाढ मिळत नाही, तेव्हा लगेच पुन्हा होल्ड लावावा. आपल्या खुणा आणि टिपा लिबी जपून ठेवते, त्यामुळे तेच पुस्तक पुन्हा मिळाल्यावर त्या परत दिसतात.

ऑडिओबुकच्या बाबतीत मुदतीचे गणित अधिक कडक असते, कारण पुस्तक चाळता येते, तसा आवाज चाळता येत नाही. १२ तासांचे पुस्तक १४ दिवसांत संपवायचे तर रोज सुमारे ५१ मिनिटे ऐकावे लागते. वेग सव्वापट केला तर तेच पुस्तक ९ तास ३६ मिनिटांत संपते आणि दीडपट केला तर ८ तासांत. सव्वापट वेगाला कान दोन-तीन दिवसांत सरावतो. ललित लेखनासाठी त्यापुढे जाऊ नये असे माझे मत आहे, कारण उत्तम निवेदकाचे विराम हे त्याच्या वाचनाचाच भाग असतात. झोपताना ऐकणाऱ्यांनी ठरावीक वेळाने आवाज बंद करणारा स्लीप टायमर लावावा, अन्यथा सकाळी आपण कोणत्या प्रकरणात झोपलो हे शोधण्यातच अर्धा तास जातो.

डाउनलोडच्या सेटिंग्जकडेही एकदा पाहावे. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने एका तासाच्या ध्वनिफितीला सुमारे २९ एमबी लागतात, म्हणजे १२ तासांचे पुस्तक जवळजवळ ३५० एमबीचे होते. ते मोबाइल डेटावर उतरू नये म्हणून डाउनलोड केवळ वायफायवर व्हावे अशी निवड करावी आणि प्रवासाला निघण्यापूर्वी पुस्तक पूर्ण उतरले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. मोबाइलच्या पडद्याने डोळे थकत असतील, तर कोबो कंपनीच्या अनेक ई-रीडरांवर, म्हणजे पुस्तके वाचण्याच्या यंत्रांवर, ओव्हरड्राइव्हची सोय आधीपासूनच असते. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर लिबीतले पुस्तक पाठवण्याची सोय मात्र अमेरिकेतील लायब्रऱ्यांपुरतीच आहे, म्हणून केवळ त्यासाठी यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्या लायब्ररीत विचारावे.