फॅनफिक्शनवर नाती नोंदवताना या चुका टाळा

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरकडची कॉलेजातली पोरं-पोरी आता मराठीत फॅनफिक्शन लिहू लागली आहेत, आणि मनापासून लिहितात. महाभारतातलं एखादं पात्र घ्यायचं आणि मूळ कथेनं जिथं सोडलं तिथून पुढं न्यायचं, हा बहुतेकांचा आवडता प्रकार. पण कथा टाकली की दोन तक्रारी ठरलेल्या. एक, कथा कुणाला सापडत नाही. दुसरी, सापडली तर वाचणारा म्हणतो, "मी वेगळंच समजून आलो होतो." दोन्हींचं मूळ बऱ्याचदा कथेत नसतं, नात्यांच्या टॅगमध्ये, म्हणजे कथा शोधता यावी म्हणून तिला लावायच्या खूणचिठ्ठीत असतं. इथं मी आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे एओथ्री, धरून सांगतेय. २००९ मध्ये सुरू झालेलं फॅनफिक्शनचं हे संकेतस्थळ स्वयंसेवक चालवतात आणि नात्यांची सगळ्यात नेटकी व्यवस्था तिथंच आहे.

तिरकी रेघ आणि & यांची अदलाबदल

दोन नावांमध्ये तिरकी रेघ ( / ) म्हणजे प्रेमाचं किंवा शरीराचं नातं. & म्हणजे मैत्री, रक्ताचं नातं, गुरु-शिष्य, वैर, बाकी सगळं. तिरक्या रेघेची ही रीत १९७० च्या दशकातल्या स्टार ट्रेक या मालिकेच्या चाहत्यांपासून, कर्क/स्पॉक या जोडीपासून चालत आली आहे. जगभरचा वाचक ती तशीच वाचतो. आपल्याकडं मात्र तिरकी रेघ "आणि" किंवा "किंवा" अशा अर्थानं सर्रास लिहितात, म्हणून कर्ण आणि दुर्योधनाच्या मैत्रीवरची सरळ कथा कर्ण/दुर्योधन अशी नोंदवली जाते. प्रेमकथा शोधत आलेला वाचक निराश होतो आणि मैत्रीची कथा हवी असलेला तिच्याकडं फिरकतच नाही.

गंगाखेडच्या जनाबाईंवर लिहिणाऱ्यांनी तर इथं फारच जपायला हवं. जनीला दळू-कांडू लागणारा विठोबा हा तिचा सखा आहे आणि तिची मायही आहे. ते नातं & नेच नोंदवावं. जनाबाई आणि नामदेव हेही तसंच.

एकाच जोडीला दोन्ही चिन्हं लावून दोन टॅग करू नका. दोघं आधी मित्र होते, नंतर प्रेमात पडले, तर तिरकी रेघ पुरे. प्रेमात मैत्री असतेच.

तीन नावं एका ओळीत

अ/ब/क असं लिहिलं की तिघंही मिळून एका नात्यात आहेत, असा अर्थ होतो. प्रेमाचा त्रिकोण असेल, म्हणजे एकीवर दोघांचा जीव असेल, तर अ/ब आणि अ/क असे दोन वेगळे टॅग करा. द्रौपदीच्या कथांत हा घोटाळा हमखास होतो. पाचही पांडवांची नावं रेघांनी जोडून एक लांबलचक टॅग करतात आणि कथा असते फक्त भीमाची आणि तिची, कीचकवधाच्या रात्रीची. मग द्रौपदी/भीम एवढंच लिहा. बाकीचे चौघं तिचे नवरे आहेत हे वाचकाला ठाऊक आहे.

नावांमध्ये स्वल्पविरामही नको. स्वल्पविराम दिला की एओथ्री त्याचे दोन टॅग करतं आणि नात्याच्या रकान्यात नुसता "कृष्ण" आणि नुसता "अर्जुन" पडून राहतो.

कथेत आहे ते सगळं नोंदवणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एका परिच्छेदात गांधारी-धृतराष्ट्र येऊन गेले, लावला टॅग. उत्तरेचं लग्न ठरल्याचा उल्लेख आला, लावला टॅग. फॅन्डम (म्हणजे कथा ज्या मूळ कलाकृतीवर आहे ती), पात्रं, नाती आणि इतर टॅग मिळून ७५ पर्यंत परवानगी आहे, पण ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. सराईत वाचक शोधाच्या चौकटीत रोमन अक्षरांत "ओटीपी: ट्रू" लिहितात. मग ज्यांत एकच नातं नोंदवलंय अशाच कथा उरतात. तुम्ही हौसेनं पाच जोड्या लावल्या असतील तर या वाचकांना तुमची कथा दिसणारच नाही. जे नातं काढून टाकलं तर कथा कोसळेल, तेवढंच नोंदवा. मागं चाललेल्या जोड्यांसाठी "मायनर ऑर बॅकग्राउंड रिलेशनशिप्स" हा तयार टॅग आहे. आणि कथा एकट्या पात्राची असेल तर नात्याचा रकाना रिकामा ठेवा. तो भरणं सक्तीचं नाही.

मामाची मुलगी

हा मुद्दा आपल्या भागातल्या लेखकांनाच अडतो, म्हणून थोडं थांबून सांगते. वसुदेव हा कुंतीचा भाऊ, म्हणजे सुभद्रा ही अर्जुनाची मामेबहीण. त्यांचा मुलगा अभिमन्यू आणि बलरामाची मुलगी वत्सला यांचं नातंही तेच. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न ही अनेक घरांतली जुनी चाल आहे, त्यामुळं लिहिताना आपल्याला त्यात काही वेगळं जाणवत नाही. पण दूरदेशीच्या अनेक वाचकांना भावंडांमधलं प्रेम वाचायचं नसतं आणि ते तशी गाळणी (फिल्टर) लावून येतात. सूचना न देता कथा टाकली की खाली कडवट प्रतिक्रिया येतात आणि नवा लेखक खचतो. अर्जुन/सुभद्रा हा टॅग तसाच ठेवा आणि इतर टॅगांमध्ये "आते-मामे भावंडांचं रीतीनं झालेलं लग्न" असं स्वच्छ लिहा. त्यात आपल्या रीतीबद्दल ओशाळण्यासारखं काही नाही. वाचकाला आधी कळवणं एवढंच ते आहे.

उलट चुलत आणि मावस भावंडं आपल्याकडं सख्ख्यासारखीच. दुर्योधन आणि युधिष्ठिर यांच्यात नुसता "कझिन्स" हा टॅग लावून हा फरक कळत नाही. तिथं & लावा आणि कथेच्या सारांशात नातं एका वाक्यात सांगा.

तरीही कथा यादीत दिसत नसेल तर

आधी साध्या गोष्टी पाहा: भाषा मराठी निवडली आहे का, फॅन्डम बरोबर आहे का, कथा फक्त सदस्यांसाठी कुलूपबंद तर नाही ना. नंतर टॅग पाहा. देवनागरीत टॅग लिहिता येतो, पण टॅग रँगलर म्हणवणारे स्वयंसेवक तो मूळ टॅगला जोडत नाहीत तोवर गाळणीत तो त्या जोडीखाली येत नाही. लवकर दिसायला हवं असेल तर टाइप करताना खाली येणाऱ्या सूचनांतला टॅग निवडा. तिथं अर्जुन किंवा कर्ण निवडताना डोळे उघडे ठेवा. फेट नावाच्या जपानी मालिकेत आणि खेळांतही ही दोन पात्रं आहेत. चुकीच्या ओळीवर बोट पडलं तर तुमची कुरुक्षेत्रावरची कथा खेळाच्या चाहत्यांपुढं जाऊन पडते.

टॅग पुढं कधीही बदलता येतात, "एडिट टॅग्ज" मध्ये जाऊन. क्रमशः लिहिणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे. दोघं शेवटी प्रेमात पडणार हे ठरलेलं असेल तर पहिल्याच भागापासून तिरकी रेघ लावा आणि सोबत "स्लो बर्न", म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, असं लिहा. ठरलेलं नसेल तर & ने सुरुवात करा. कथा वळली की टॅग बदला आणि ज्या भागात ती वळली त्याच्या सुरुवातीच्या टिपेत तसं सांगा, कारण आधीपासून वाचत आलेले लोक पुन्हा टॅग बघायला जात नाहीत.