व्यवसायाच्या वादासाठी वकिलाची पहिली भेट: तयारी तारखांची आणि कागदांची

भोसरीच्या एमआयडीसीत सुट्या भागांचा छोटा कारखाना चालविणारा भागीदार वकिलाच्या कार्यालयाची पायरी पहिल्यांदा चढतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो: कंपनीकडे अडकलेले पैसे मिळतील की नाही? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या भेटीत मिळत नाही, आणि कागद न पाहता ते छातीठोकपणे देणाऱ्या वकिलापासून सावध राहिलेले बरे. त्या तासाभरात वकील तुमची हकिकत तारखांच्या क्रमाने लावून पाहतो, कोणती मुदत अजून शिल्लक आहे आणि कोणती संपत आली आहे हे तपासतो, आणि तुमच्याजवळच्या कागदांतून नेमके काय सिद्ध करता येईल याचा अंदाज घेतो. अशिलाने तयारी करायची ती याच कामाची.

भेटीची वेळ ठरवतानाच कार्यालयातून समोरच्या पक्षाचे नाव विचारले जाईल. ते मोकळेपणाने सांगावे. मात्र सविस्तर हकिकत त्या फोनवर सांगू नये. ज्या कंपनीविरुद्ध तुम्हाला दाद मागायची आहे तिचेच काम ते कार्यालय आधीपासून पाहत असेल, तर त्याला तुमचे काम घेता येत नाही, आणि हे कळण्यापूर्वी तुमच्या बाजूचे कच्चे दुवे तेथे उघड झालेले कोणालाच नको असतात. हाच प्रश्न दोन भागीदार एकत्र जातात तेव्हा अधिक नाजूक होतो. भागीदारीचा करारनामा करून घेण्यासाठी दोघे मेहुणे एकाच वकिलासमोर बसले असतील, तर ‘आपण आमच्यापैकी कोणाचे वकील?’ हे पहिल्या दहा मिनिटांत विचारून घ्यावे. पुढे दोघांत बिनसले तर बहुधा तो वकील कोणाच्याच बाजूने उभा राहू शकणार नाही, हे तेव्हाच समजलेले चांगले.

आता तारखांचे टाचण. एका कागदावर, फार तर दीड पानात, ऑर्डर कधी आली, माल कधी पोचला, बिल कधी दिले, उधारीची मुदत किती दिवसांची ठरली होती, शेवटचे पैसे कधी आले आणि शेवटचे पत्र किंवा ईमेल कधीचे आहे, एवढे क्रमाने लिहून न्यावे. ‘मागच्या दिवाळीच्या सुमारास’ अशा नोंदीचा वकिलाला उपयोग नसतो, कारण व्यवसायाच्या कायद्यात पुष्कळ हक्क दिवसांवर उभे असतात. चेक न वटता परत आला असेल, तर बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यास समोरच्याला 15 दिवस असतात आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. फिर्यादीला झालेला उशीर सबळ कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते, परंतु नोटिशीचे 30 दिवस उलटून गेले तर त्या परतीवरून फिर्याद करण्याची वाट बंद होते. त्यामुळे चेक परतीचा बँकेचा मेमो हाती असेल, तर भेटीची वेळ मागतानाच ते सांगावे आणि पुढच्या आठवड्याची वेळ स्वीकारू नये.

साध्या उधारीच्या वसुलीसाठी दिवाणी दाव्याची मुदत सामान्यतः 3 वर्षांची असते. उधारीचे दिवस आधी ठरलेले असतील तर ती ते दिवस संपल्यापासून मोजतात, आणि काहीच ठरले नसेल तर माल पोचल्यापासून. मुदत संपण्यापूर्वी समोरच्याने सही करून देणे मान्य केले असेल, तर त्या तारखेपासून ती नव्याने सुरू होते. दर वर्षाअखेर लेखापाल ग्राहकांकडून शिल्लक रकमेचे जे पत्र सहीनिशी मागवून घेतात, त्याची खरी किंमत अशा वेळी कळते. अनेक कारखान्यांत ते पत्र ‘ऑडिटचा कागद’ म्हणून कपाटात पडलेले असते आणि वकिलाकडे येताना नेमके तेच मागे राहते.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे उद्यम नोंदणी असेल, तर तिचे प्रमाणपत्रही सोबत घ्यावे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि करारात काहीही लिहिलेले असले तरी माल स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्यानंतरच्या विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी माल पुरविण्याच्या आधीची की नंतरची, यावर न्यायालयांत बरेच वाद झाले आहेत, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीखही टाचणात लिहावी.

कागदांपैकी सर्वांत दुर्लक्षित कागद बहुधा स्वतःच्या भागीदारी संस्थेचा असतो. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून उद्भवलेल्या हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही, आणि नोंदणी असली तरी दावा लावणाऱ्यांची नावे भागीदार म्हणून भागीदारी संस्थांच्या निबंधकांच्या (रजिस्ट्रारच्या) नोंदवहीत असावी लागतात. वडील वारले, मुलगा भागीदार झाला, नवा करारनामाही झाला, पण निबंधकांकडे बदल कळवायचा राहून गेला, असे घडते, आणि ते उघडकीला येते ते प्रतिवादीच्या कैफियतीतून, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातून. म्हणून करारनाम्यासोबत नोंदवहीचा ताजा उतारा काढून न्यावा. खासगी कंपनी असेल तर दावा लावण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, याचा संचालक मंडळाचा ठराव लागतो. तो नंतर केला तरी चालते, पहिल्या भेटीसाठी त्याची धावपळ नको.

करार पुरेशा मुद्रांकावर आहे का, हेही पाहिले जाईल. मुद्रांक कमी असेल तर तो दस्त उरलेले शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. अशा वेळी जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर ‘मिळवून देणारे’ लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. कमी मुद्रांक ही पैसे भरून निस्तरता येणारी चूक आहे, मागची तारीख घालून केलेला दस्त ही बनावटगिरी आहे.

आजकाल निम्मा व्यवहार व्हॉट्सॲपवर होतो. त्यातील संदेशांचे फोटो काढून नेणे पहिल्या भेटीपुरते पुरेसे आहे, पण मूळ संदेश पुसू नयेत आणि तो फोन विकू किंवा बदलू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रती पुराव्यात आणताना ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात ती नोंद कोणत्या उपकरणातून घेतली हे सांगावे लागते. समोरच्याला रागाच्या भरात ‘निम्मे दे आणि विषय संपव’ असा संदेश पाठवायचाच असेल, तर तोही वकिलाच्या भेटीनंतरपर्यंत थांबू द्यावा.

प्रत्यक्ष बैठकीत अडचणीच्या गोष्टी आधी सांगाव्यात. मालाची एक खेप खराब निघाली होती, काही रक्कम रोखीने घेतली होती, एका ईमेलमध्ये आपणच उशीर कबूल केला होता, असे काही असेल तर ते समोरचा पक्ष सांगणारच आहे. आपल्या वकिलाला ते कोर्टात प्रथम ऐकावे लागू नये. व्यावसायिक कामासाठी वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याने अशिलाच्या परवानगीवाचून उघड करू नये, असे संरक्षण वर आलेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ने दिलेले आहे आणि ते वकिलाच्या कारकुनालाही लागू होते. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेल्या संभाषणाला मात्र ते मिळत नाही. सीएला सोबत नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे व हिशेबाच्या प्रश्नांसाठी ती उपयुक्तही आहे, परंतु वकिलाशी झालेल्या संभाषणाचे हे संरक्षण सीएशी झालेल्या बोलण्याला नाही. म्हणून काही भाग एकट्याने बोलायचा असल्यास तसे सांगण्यात संकोच करू नये.

यानंतर वकील कोणकोणते मार्ग आहेत ते मांडेल. व्यापारी स्वरूपाचा आणि किमान 3 लाख रुपयांचा वाद असेल तर तो 2015 च्या कायद्याखालील वाणिज्य न्यायालयात जातो, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती सक्तीची ठरवली आहे. उद्यम नोंदणी असलेल्यांना सुविधा परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद पाहणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. करारात लवादाचे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या लवादापुढे नेण्याचे, कलम असेल तर चित्र आणखी बदलते. ‘त्यांना सरळ एनसीएलटीत खेचा’ असे सांगणारे हितचिंतक बरेच असतात, पण तेथे, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणे चालविणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, थकबाकीची किमान रक्कम 1 कोटी रुपये असावी लागते आणि रकमेबद्दल आधीपासून खरा वाद असेल तर तो मार्ग टिकत नाही. प्रत्येक मार्गाला साधारण किती काळ लागेल, किती खर्च येईल आणि समोरचा काय बचाव घेईल, हे तीन प्रश्न विचारावेत. समोरच्याचा बचाव नीट समजावून सांगणारा वकील माझ्या मते अर्धा निवडल्यासारखाच आहे.

फीचे बोलणे शेवटच्या दोन मिनिटांवर ढकलू नये. आजच्या सल्ल्याची फी, नोटिशीची फी, दाव्याची फी एकरकमी की तारखेगणिक, आणि कोर्ट फी, टंकलेखन, प्रवास हे त्यात धरले आहेत की वेगळे, हे विचारून लेखी मागावे. व्यवसायाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपलीकडे असेल तर वकिलाच्या फीवरील जीएसटी सामान्यतः सेवा घेणाऱ्या व्यवसायानेच सरकारकडे भरायचा असतो, तो हिशेबात धरावा. वसूल झालेल्या रकमेचा टक्का फी म्हणून घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तसा प्रस्ताव कोणी दिला तर तो सवलतीचा वाटला तरी नाकारावा. वकिलाच्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते, आणि तीत वकिलाचा सनद क्रमांक (वकिलीच्या नोंदणीचा क्रमांक) द्यावा लागला तर तो आधीच जवळ असलेला बरा.

वकीलपत्रावर (वकील नेमल्याच्या कागदावर) त्याच दिवशी सही करण्याची सक्ती नसते. मुदत अंगावर आलेली नसेल तर एक-दोन दिवस घेऊन विचार करावा, दुसऱ्या वकिलाचेही मत घ्यावे. घरी आल्यावर ठरलेल्या मुद्द्यांचा छोटा ईमेल वकिलाला पाठवावा: कोणते काम कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचे. पहिल्या भेटीत छायाप्रतीच द्याव्यात. मूळ करारनामा किंवा न वटलेला चेक ठेवून घ्यावा लागलाच, तर कागदांच्या यादीवर तारखेसह पोच घ्यावी.