स्पेनमधल्या बेनिडॉर्मला असाल तर आल्बीरच्या दीपगृहापर्यंत चालत जा

लेव्हान्ते किनाऱ्यावर दिवसभर पडून राहण्यापेक्षा एक संध्याकाळ या वाटेला नक्की द्या. बेनिडॉर्महून बसने शेजारच्या आल्बीरला जा. तिथून सिएरा हेलाडा या डोंगराच्या कड्यावरून पक्का, हलक्या चढाचा रस्ता निघतो; जायला साधारण अडीच किलोमीटर, परतही तोच. लहान मुलं, आजी-आजोबा सहज चालतात. वाटेत एक छोटा बोगदा आणि गेरूच्या जुन्या खाणी लागतात.

चूक होते ती वेळेची. जुलैत दुपारी निघालात तर सावली फारच थोडी मिळते, डोकं तापतं. सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणून साडेसहाला निघा. माणशी लिटरभर पाणी आणि टोपी हवीच. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र आधीच पाहून ठेवा.