विंडोज ११ टाकायची की नाही, हे दुकानदाराला विचारण्याआधी

विंडोज १०चा सपोर्ट (म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे फुकट सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून नाशकात कुणाकडेही चहाला गेलं तरी एकच प्रश्न: 'आता कॉम्प्युटर बदलावा लागणार का हो?' कॅनडा कॉर्नरपासून एम. जी. रोडपर्यंत कुठल्याही दुकानात विचारा, उत्तर 'हो'च येईल. विकायला बसलेला माणूस दुसरं काय सांगणार! तेव्हा आधी घरीच तपासा.

बॅकअप घ्या. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर, त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर नव्हे.

प्रोसेसर बघा. इंटेल आय५-७२०० म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५० म्हणजे आठवी. साधारण आठवीपासून पुढे चालतं. रॅम ४ जीबी पुरते असं कागदोपत्री आहे. मी ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर हात लावत नाही.

मग मशीन विंडोज ११ला चालतं का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवा. ते 'टीपीएम २.० नाही' (टीपीएम म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) म्हणालं की लोक हाय खातात. मीही यात बराच अडकलो होतो. असेंबल केलेल्या मशीनमध्ये टीपीएम बहुतेक वेळा असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर त्याला 'पीटीटी' म्हणतात, एएमडीच्या 'एफटीपीएम'. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि ते चालू करा. मेनू बोर्डागणिक वेगळा, शोधावं लागतं. त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नंतर ती मागितली आणि नसली, तर स्वतःच्याच फोटोंना मुकाल.

खरी गोम पुढे आहे. विंडोज + आर दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप करा (अर्थात इंग्रजीत) आणि 'बायोस मोड' वाचा. 'यूईएफआय' (बायोसचा नवा प्रकार, विंडोज ११ला हाच लागतो) असेल तर निश्चिंत. 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, असेल तर यूट्यूबवाल्याचं ऐकून बायोसमध्ये सरळ यूईएफआय करू नका. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते, विंडोज उघडतच नाही आणि घरात रडारड होते. आधी विंडोजमधल्याच 'एमबीआर२जीपीटी' या साधनाने डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची करायची, मग बायोस. कुणी आधीच उद्योग करून बसलं असेल, तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने चालवायची सोय) पुन्हा चालू करा. मशीन बहुधा उठतं.

तपासणी चुकवून रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलून, विंडोज ११ घुसवण्याच्या युक्त्या माझ्या मते घरच्या मशीनवर करूच नयेत. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण बदल करतोय ते अपडेटसाठीच ना?

मशीन खरंच बसत नसेल तर विंडोज १०च ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या, तर 'ईएसयू' या वाढीव मुदतीच्या योजनेचे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत फुकट मिळतात. व्हर्जन मात्र २२एच२ हवं. आजोबांना पेपर वाचायचा आणि नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा असेल, तर विंडोजऐवजी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स मिंटही मजेत चालते.

डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणारं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर किंवा जुना प्रिंटर असेल, तर त्याचा ड्रायव्हर विंडोज ११साठी आहे का ते आधी शोधा. टॅलीवर हिशेब असतील तर मार्चअखेर उलटू द्या. महावितरणचा शटडाउन असेल तो दिवसही टाळा.

बदल केल्यावर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून विंडोज १०वर परत येता येतं. तेवढ्यात प्रिंटर, स्कॅनर, टायपिंग सगळं चालवून पाहा, आणि तोवर जागा होत नाही म्हणून जुनं विंडोज ठेवलेलं 'विंडोज.ओल्ड' फोल्डर उडवू नका.