डॉलरवरून कापसाचा भाव कसा ताडायचा

मागच्या हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्याच्या) गेटवर गाड्यांच्या लाईनीत उभा होतो, बाजूचे काका म्हणाले, "डॉलर वाढला तं आपल्याले काय कराचं हाय?" तेव्हा मोबाईलवर जो हिशोब करून दाखवला तोच इथं टाकतो, स्वतः करून बघा.

न्यूयॉर्कच्या वायद्यात (पुढच्या तारखेचे सौदे आज होतात त्या बाजारात) रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव पाउंडामागे सेंटमध्ये असतो. आपली खंडी 356 किलोची, म्हणजे साधारण 785 पाउंड. समजा भाव 70 सेंट, तर खंडी झाली 550 डॉलरची. डॉलर 80 रुपये असला तर 44 हजार, 85 असला तर पावणेसत्तेचाळीस हजार, आणि तिकडं भाव एक सेंटही हलला नाही! क्विंटलभर कापसातून 34 किलो रुई धरा, क्विंटलमागे अडीचशेच्या वर फरक येतो. तो सगळा आपल्या हाती पडतोच असं नाही, ओलावा, सरकी, गिरण्यांची मागणी हे वेगळं, पण जिनिंगवाला सकाळी भाव काढतो त्यात डॉलर असतोच.

आता डॉलर हलतो कशानं? आधी कच्चं तेल बघा. देशाला लागणारं 80 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं, ते महागलं की जास्त डॉलर घ्यावे लागतात, अन् गिऱ्हाईक वाढलं की भाव चढणारच. मग अमेरिकेचं व्याज बघा, हे माझ्या मते सगळ्यात जोरदार. मार्च 2022 पासून फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेनं, व्याज वाढवत नेलं, तिकडं बिनधोक कमाई दिसल्यावर परदेशी पैसेवाले इथले शेअर विकून डॉलर घेऊन निघाले, त्यात तेलही भडकलं, आणि वर्षाच्या सुरुवातीला 74-75 ला असलेला डॉलर ऑक्टोबरात 83 वर गेला. रिझर्व्ह बँक आपल्या गंगाजळीतले डॉलर विकून धक्का कमी करते, म्हणून रोजचा फरक बहुतेक पैशांतच दिसतो. 1991 मध्ये ती गंगाजळीच आटली होती, तेव्हा 1 आणि 3 जुलैला असं दोनदा रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं.

पण डॉलर चढला म्हणून लगेच खुश होऊ नका भाऊ, पोटॅश खत जवळजवळ सगळं बाहेरून येतं, डीएपी खताचंही बरंचसं तसंच, त्याची किंमतही डॉलरमध्येच ठरते. म्हणून कापूस गाडीत भरायच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कचा भाव आणि डॉलर दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा, मागच्या आठवड्याशी ताडून पाहा, मगच व्यापाऱ्याला फोन लावा.