डीव्हीडीचा मेन्यू शिकताना: आधी वही, मग सॉफ्टवेअर

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात शूटिंगच्या धंद्यात येणारी पोरं कॅमेरा लवकर धरतात, मिक्सिंगही जमवतात. अडतात ती डीव्हीडीच्या मेन्यूपाशी. पेनड्राइव्ह आला तरी लग्नाची आणि झाडीपट्टीतल्या नाटकाची डीव्हीडी मागणारी घरं इथे अजून आहेत. म्हणून मी हे काम कसं शिकलो ते लिहितो.

मला शिकवणाऱ्या दादांनी सुरुवातीला कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. वहीत मेन्यूची चौकट काढायची आणि प्रत्येक बटणापासून बाण ओढायचे. रिमोटवर ओके दाबलं की कुठे? वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबलं की कुठे? व्हिडिओ संपला की कुठे? एक बाण राहिला तरी पान परत. डीव्हीडी-स्टाइलरसारखं मेन्यू बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बाणही ते स्वतःच जोडून देतं. पण ते फक्त बटणांच्या जागा पाहून जोडतं. दोन रांगांचा मेन्यू असला की रिमोटवरचं खालचं बटण दाबल्यावर हायलाइट, म्हणजे निवडलेल्या बटणावरची खूण, भलतीकडे उडी मारतो. प्रत्येक बाण हाताने तपासा, आणि शेवटच्या बटणावरून खाली गेलं की पहिल्यावर येऊ द्या.

लग्नाचं काम सोपं. पूर्ण लग्न एक टायटल, म्हणजे डिस्कवरचा एक सलग व्हिडिओ. हळद, मांडव, मंगलाष्टकं, पंगत, बिदाई हे त्यातले चॅप्टर, म्हणजे थेट उडी मारता येणारे भाग. एका टायटलमध्ये ९९ चॅप्टर बसतात, पण सहा-सातच्या वर बटणं एका पडद्यावर टाकू नका. पालमध्ये (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रं) चॅप्टरची खूण १५ फ्रेमपर्यंतच्या गटाच्या सुरुवातीलाच बसते, म्हणजे अर्धा-पाऊण सेकंद इकडे-तिकडे होऊ शकते. मंगलाष्टकाच्या ऐन शब्दावर खूण नको. शॉट बदलतो तिथे ठेवा.

खरं शिक्षण नाटकात झालं. रात्रभर चालणारं नाटक अनेक डिस्कांवर जातं, कारण ४.७ जीबीच्या डिस्कवर ५ एमबीपीएसने (सेकंदाला ५ मेगाबिट) साधारण दोन तासच मावतात. त्यात गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, गानं लावलं का गानंच लागलं पाहिजे." चॅप्टरला बटण जोडलं तर गाणं संपून पुढचा प्रवेश चालूच राहतो, कारण परतीचा हुकूम टायटलच्या शेवटी असतो, चॅप्टरच्या शेवटी नाही. अडोबी एन्कोअर या आता बंद झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी चॅप्टर प्लेलिस्ट, म्हणजे निवडक चॅप्टरच वाजवणारी यादी, मिळायची. ती नसेल तर गाणं कापून वेगळं टायटल करा आणि त्याच्या पोस्ट कमांडमध्ये (टायटल संपल्यावर चालणाऱ्या हुकुमात) गाण्यांच्या मेन्यूवर परत पाठवा. पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे १९० एमबी जागा जाते, ती आधीच धरून चला. परत आल्यावर हायलाइट त्याच गाण्यावर हवा, पहिल्यावर नको. रात्री जेवून टीव्हीसमोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दर वेळी वरून खाली यायला लावणं मला पटत नाही. तसंच, सुरुवातीला स्टुडिओचं नाव दाखवताना रिमोट बंद करून ठेवू नका. पाहणाऱ्याला पुढे जायचं असेल तर जाऊ द्या.

हायलाइटच्या थराला फक्त ४ रंग मिळतात, त्यातला एक बहुधा पारदर्शकतेत जातो. त्यामुळे देवनागरी अक्षरांच्या मात्रा, वेलांट्या त्यात कातरलेल्या दिसतात. अक्षरं मागच्या चित्रात ठेवा, हायलाइटला खाली जाड रेघ द्या. जुन्या डब्बा टीव्हीत कडा कापल्या जातात, म्हणून ७२० बाय ५७६ च्या चौकटीत दोन्ही बाजूंनी ७० आणि वर-खाली ६० पिक्सेल मोकळे सोडा.

रिमोटवर 'टायटल' आणि 'मेन्यू' अशी दोन वेगळी बटणं असतात. दोन्ही कुठेतरी पोचतात ना, हे कॉम्प्युटरवर नाही, खऱ्या प्लेअरवर पाहा. त्यासाठी एक डीव्हीडी-आरडब्ल्यू जवळ ठेवा, पुसून पुन्हा वापरता येते. मात्र काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत, तेव्हा शेवटची तपासणी एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आर वरच करा. हा धंदा ज्याला माहीत नाही अशा घरातल्या कोणाच्या तरी हातात रिमोट द्या आणि गप्प बसून पाहा. तो जिथे थांबेल, तिथला बाण वहीत दुरुस्त करा आणि मगच गिऱ्हाइकाच्या प्रती काढायला घ्या.