विंडोज-लिनक्स एकाच मशीनवर: सिंक कुठे अडलं

क्लाउडशी जुळत राहणारा सिंक फोल्डर दोन्हीकडून दिसावा म्हणून एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एका भागावर ठेवला, तर लिनक्समध्ये तो नुसता ‘रीड-ओन्ली’! क्लाउडचा संबंधच नव्हता. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणूनची सोय) चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज आपला कर्नल, म्हणजे गाभा, हायबरनेट करून (स्थिती डिस्कवर जपून) ठेवतं, आणि पार्टिशन नीट बंद होत नाही. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं, मशीन पूर्ण बंद केलं. लिहिता यायला लागलं.

मग घड्याळ. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक. मुंबईत सकाळचे साडेदहा, विंडोजमध्ये पाच! ताजी फाइल जुनी ठरते, कॉन्फ्लिक्ट कॉप्यांचा (एकाच फाइलच्या न जुळणाऱ्या प्रतींचा) ढीग पडतो. लिनक्सनेही मदरबोर्डची वेळ स्थानिक धरावी म्हणून तिथे ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ दिल्यावर थांबलं. आणि हो, फाइलच्या नावात कोलन नको. लिनक्सला चालतो, विंडोजला नाही.